सावलीचा दर

सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये मी केळ्यांची कातडी वाचते.
चौदा वर्षं.
फणी पाण्यातून वर येते, मी फिरवून बघते:
ओरखडा, चीक, पाखराची चोच, पान घासून पडलेला चट्टा.
ही लोकलला.
ही दुबईला.

गालावरचा वांग दुसऱ्या बाळंतपणात आला
आणि पाहुण्यासारखा बसला तो उठेचना.
मुलगी आता बारावीला आहे.
म्हणजे वांगही बारावीलाच.

कंटेनरचं रजिस्टर मागून उघडलं की माझी वही सुरू होते.
बँकॉक. लेझर. तीन बैठका.
तिथल्या पैशाला बात म्हणतात, भाचा जयेश सांगतो.
मी म्हटलं, आमच्याकडे बाता फुकट मिळतात रे.

भुसावळ ते मुंबई, स्लीपर.
विमान मंगळवारी स्वस्त.
पासपोर्टच्या फोटोवाल्यानं न विचारता वांग पुसून दिला,
तो फोटो चालला नाही. दुसरा काढला. पैसे दोनदा.
बैठकांमध्ये महिन्याचं अंतर हवं,
म्हणजे तीन तिकिटं,
की एक बैठक तिकडे आणि दोन जळगावला?
जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, हेच मशीन माझ्याकडे आहे!
असेल.
पण त्यांच्या बाकावर माझी नणंद असते, व्याही असतात,
अख्खं फैजपूर असतं.
बँकॉकला मला कोणी ओळखत नाही.
त्याचे पैसे मी वेगळ्या रकान्यात लिहिले.

सासूबाई चष्मा सावरत वाकतात, काय लिहू राह्यली व माय?
हिशोब, मी म्हणते.
खोटं नाही.

घोडं अडतं ते शेवटच्या पानावर.
लेझरनंतर आठ आठवडे ऊन नको, चुलीची धग नको,
असं ते गोड इंग्रजीत लिहून पाठवतात.
ऊन नको!
यांना इकडचा मे महिना कोणी सांगावा,
स्कूटीच्या सीटवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसता येत नाही.
बागेत घडांना आम्ही पिशव्या घालतो,
घडामागे पिशवी एक, दर ठरलेला.
बाईच्या सावलीचा दर कोणाला विचारू?
गच्चीवरचं धुणं. दळण. दुपारच्या पाळीचा ट्रक.
आठ आठवडे हे कोण करील आणि काय घेईल,
रकाना कोरा.
आणि बिनपगारी दोन महिने
ते तर मी धरलेच नव्हते.

हिवाळ्यात जावं, तर हिवाळ्यात भरीत.
मळ्यात पऱ्हाट्या पेटतात, वांगी काळीठिक्कर होतात,
थोरल्या जाऊबाई पाण्याचा हात लावून चिमटीत धरतात
आणि साल अलगद सुटते,
आतून कोवळं, पांढरं, वाफाळतं काही निघतं.
दरवर्षी मी धगीशी उभी राहून ते बघते.
एवढंच तर करायचं असतं.
एवढ्याचे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार.

पोस्टात एक लाख सहा.
भिशी लागली तर चाळीस.
बत्तीस कमी.
मुलीच्या क्लासच्या फीकडे मी बघितलं नाही असं नाही.
बघितलं, आणि पान उलटलं.

तिला काय कळलं कोण जाणे,
रात्री म्हणाली, आई, डागाचं केळं जास्त गोड असतं.
असतं ना.
चौदा वर्षं तेच तर बाजूला काढतेय,
गोडीला भाव दिलेला अजून पाहिला नाही.

काल शेठना सांगितलं, नोव्हेंबरपासून दोन महिने रजा.
कशाला? पावतीवरून मान वर न करता.
मागे कंटेनर लागत होता, तेरा अंशांवर,
दार उघडलं आणि गार हवा थेट गालावर आली.
म्हटलं, माल बाहेर पाठवायचाय, शेठ.
कुठला?
मी हातातली फणी उलटी केली,
नीट बघितली,
आणि पुढची उचलली.